अर्धा हप्ता

रामधन पैज हरला. धाकटा भाऊ देवसिंग यंदा होळीला येतच नाही, यवतमाळात बसून आकडे घोटत राहील, असं त्यानं आठ दिवस आधीपासून साऱ्या तांड्याला सांगून ठेवलं होतं. आणि होळी पेटायच्या दिवशी दुपारी महागावच्या फाट्यावरून देवसिंग बायकोपोरासकट पायी चालत आला, खांद्यावर ट्रंक आणि हातात जिलेबीचा पुडा घेऊन. मार्चात जिल्हा परिषदेच्या हिशेब शाखेतल्या कारकुनाला दोन दिवस रजा मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण पोरगा आठ महिन्यांचा झाला होता, वर्षात जन्मलेल्या पोराची धुंड, म्हणजे पहिल्या होळीचा विधी, होळीलाच करायची असते, आणि आईनं, हंसाबाईनं, पोस्टकार्डावर एकच ओळ लिहवून घेतली होती की नातू आला नाही तर मीही जेवणार नाही. म्हातारीनं असं लिहिल्यावर कोण साहेब रजा नाकारतो?

पैज हरल्याचं रामधनला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते भाऊ आल्यावर आपल्याला आनंद झाला याचं, कारण त्यानं भावाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. अबोल्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तांड्याच्या उगवतीला शाळेच्या दोन खोल्या छपराविना उभ्या होत्या, आणि त्यांच्या छपराचे पैसे अर्धे केल्याचं जे पत्र पंधरा दिवसांपूर्वी आलं, ते देवसिंगच्याच कचेरीतून आलं होतं. खाली सही साहेबाची असली तरी अक्षर देवसिंगचं होतं. रामधनला भावाचं अक्षर ओळखू येणार नाही तर कोणाचं येणार? त्याला शिकवण्यासाठी यानं चौथीतून शाळा सोडली होती.

त्या दोन खोल्यांसाठी तांड्यानं दोन वर्षं घाम गाळला होता. दगड फोडला तो पुरुषांनी, पूस नदीची रेती डोक्यावरून वाहिली ती बायांनी. भिंती तांड्याच्या अन् छप्पर सरकारचं, असा करार चौसष्ट साली झाला होता. छप्पर चढलं की पाचवीचा वर्ग मंजूर होणार होता. नाही चढलं तर तांड्यातली पोरं चौथी पास होऊन घरी बसणार, आणि यंदा चौथी पास होणाऱ्यांत रामधनची मानी होती. पाच कोसांवर महागावला पोरीला कोण पाठवतो? तिच्यासाठी उमरखेडकडचं एक स्थळ आधीच विचारून गेलं होतं, अकरा वर्षांच्या पोरीसाठी. मानीच्या आईनं, सुखीबाईनं, त्या पाहुण्यांना चहासुद्धा फिक्का दिला होता.

धुळवडीच्या सकाळी ओट्यावर सगळे बसले होते. धुंड दुपारी होती. घरात बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चाले, पण धर्मपाल गुरुजी ओट्यावर आले की सगळे वऱ्हाडीवर येत. गुरुजी महागावचे. वडिलांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी ते सातवीची फायनल पास झाले होते, आणि तांड्याच्या लिंबाखालच्या शाळेवर त्यांना आता सातवं वर्ष लागलं होतं. सुखीबाईनं त्यांच्यापुढे पुऱ्यांचं ताट ठेवलं आणि परत चुलीपाशी गेली. तिथून ओट्यावरचं सगळं ऐकू येतं, हे तिच्याशिवाय कोणाच्या ध्यानात नव्हतं.

गोष्ट बाहेर पडली ती देवसिंगच्या बायकोच्या, लालीबाईच्या, तोंडून, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता. तिला शिवणयंत्र घ्यायचं होतं, यवतमाळात चार घरचे ब्लाऊज शिवून दोन पैसे मिळवायचे होते. त्या आनंदात ती सासूला सांगून बसली की सरकारनं महागाई भत्ता वाढवला, मागच्या बारा महिन्यांचा फरक एकदम हातात आला, एकशे नव्वद रुपये. गुरुजींनाही मिळाला असेल, नाही का? गुरुजींनी पुरी ताटात ठेवली आणि हो म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

रामधन भावाकडे न बघता, ओट्याच्या खांबाशी बोलल्यासारखं बोलला.

"म्हंजे सरकारजवळ पैसे हाय. फक्त आमच्या छपरासाठी नाई."

देवसिंगला वाटलं, आता बोललो तर भांडण आणि न बोललो तर चोर. रात्रंदिवस तेच कागद उपसणाऱ्या माणसाला घरी येऊनही तेच कागद भेटावेत, याचा त्याला वैताग आला होता. ते पत्र लिहिताना त्याची टाकाची निब दोनदा अडखळली होती, हे इथे कोणाला सांगणार? तो म्हणाला, दोन्ही पैसे एकाच ठिकाणाहून येतात, भिया. वरून येणारी रक्कम ठरलेली असते. पगार वाढला की बांधकाम कमी होतं. हे फक्त आपल्या तांड्याचं नाही, साऱ्या राज्याचं असं चाललं आहे. कुठे रस्ता अर्धा राहिला आहे, कुठे धरणाचा पाट.

"एकाच गोणीतून?" हंसाबाईनं विचारलं.

आतापर्यंत ती नातवाच्या तळव्यांना तेल चोळत होती. तिचं वय सहासष्ट-सदुसष्ट असेल, तिला नक्की ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला फिकीरही नव्हती. पण एखादी गोष्ट समजली नाही की ती कळेपर्यंत म्हातारी कोणाला सोडत नसे. तहसीलदारालाही तिनं एकदा असंच उन्हात अर्धा तास उभं ठेवलं होतं, मोजणीची साखळी किती कड्यांची असते ते विचारत.

होय, एकाच गोणीतून, असं देवसिंग म्हणाला.

मग ती विचारत गेली आणि देवसिंग सांगत गेला. भत्ता का वाढवला? ज्वारी महागली, तेल महागलं म्हणून. वाढवला नसता तर? मास्तर, तलाठी, शिपाई पोटाला काय खातील, संपावर गेले असते. बरं, मग भाव वाढले तर सरकारची गोणीही मोठी होत असेल की, विकणाऱ्याकडून कर घेतं ना? देवसिंगनं आईकडे जरा चमकून पाहिलं. हाच प्रश्न त्याच्या साहेबाला विचारायला त्याला तीन वर्षं लागली होती. होते थोडी मोठी, तो म्हणाला, विक्रीकर वाढतो. पण तो मागून येतो, आणि खर्च आधी येऊन उभा राहतो. शिवाय गोणीत दुसरंही एक येतं, ते वाढतच नाही.

"कोन्तं?"

देवसिंगनं भावाकडे वळून विचारलं, "भिया, आपल्या वावराचा सारा किती?"

"साडेअकरा रुपये." रामधननं लगेच सांगितलं. साऱ्याचा आकडा शेतकऱ्याला झोपेतही येतो.

"बाच्या टाइमले किती होता?"

"तेवढाच. साडेअकरा."

"बा तेवढा सारा भरायले ज्वारी किती इके?"

रामधनला आठवलं, आणि आठवलं ते त्याला आवडलं नाही. चार मण ज्वारी गाडीत घालून बाप पुसदला जायचा, परत येताना गाडी रिकामी आणि बापाचं तोंड उतरलेलं असायचं. आता साडेअकरा रुपयांना अर्धा मण ज्वारी पुष्कळ झाली. जमीनमहसूल तीस-तीस वर्षं ठरलेला असतो, भाव वाढले तरी हलत नाही. आणि यंदा पाऊस दगा देऊन गेला, पिकाची आणेवारी चार आण्यांखाली आली, तेव्हा तोही सारा तहकूब झाला. दिवाळीला तलाठ्यानं ते सांगितलं तेव्हा रामधननं स्वतः गूळ वाटला होता.

गुरुजी हळूच म्हणाले, "म्हणजे छपरातलं थोडं मी खाल्लं, थोडं देवसिंगनं, अन् थोडं तुमीबी, रामधनभाऊ."

रामधनला राग आला, पण कोणाचा ते त्याला कळेना. इतके दिवस राग धरायला एक भाऊ तरी होता.

हंसाबाईला मात्र गंमत वाटू लागली होती. तिच्या बापानं केलेली शेवटची लदेणी तिनं लहानपणी पाहिली होती, सत्तर बैलांच्या पाठीवर धान्य लादून वर्धेपार चाललेला तांडा. ती सांगू लागली. एका वर्षी वाटेत गवत नव्हतं. बैल बसायला लागले. तेव्हा बापानं पाठीवरच्या गोण्या सोडल्या आणि त्यातलंच धान्य बैलांना चारलं. न चारावं तर बैल मरणार आणि माल रानातच पडणार. बाजारात पोचलो तेव्हा माल पाऊण भरला. शेठ विचारू लागला, बाकीचा कुठे गेला?

"बैलानं खाल्ला. मंग बैल काय चोर हाय?" तिनं विचारलं.

"मंग मी बैल झालो," देवसिंग म्हणाला, आणि तो आल्यापासून पहिल्यांदा दोघे भाऊ एकाच वेळी हसले. रामधननं लगेच तोंड फिरवलं, पण हसला होता हे लालीबाईनं पाहिलं.

चुलीपाशी सुखीबाई हसली नाही. कढईतली पुरी करपेपर्यंत ती ऐकत होती. बैल कोण, गोणी कोणाची, हे ठीक होतं, पण खोल्यांवर छप्पर नव्हतं आणि मृग तीन महिन्यांवर होता. पाऊस उघड्या भिंतींवर पडला की दगडांमधला गारा वाहून जाईल, दिवाळीला तिथे दगडांचा ढीग उरेल. त्या रेतीच्या किती पाट्या आपल्या डोक्यावरून गेल्या ते तिची मान सांगत होती. आणि एक गोष्ट नवऱ्यानं कोणालाही सांगितली नव्हती, ती तिला माहीत होती. ती पदर डोक्यावर सारखा करून दाराशी आली आणि दिराशी बोलली.

"भाऊजी, अर्धे पैसे तरी हाय का अजून? का थेबी गेले?"

आहेत की, देवसिंग म्हणाला. सातशे वीस रुपये महागावला पंचायत समितीत येऊन पडले आहेत. एकतीस मार्चपर्यंत उचलले नाहीत तर परत जातील, आणि परत गेलेले पैसे पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही. तो समजत होता की भियानं ते केव्हाच उचलले.

सुखीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि दारातच उभी राहिली.

मग रामधनला सांगावं लागलं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो महागावला गेला होता. तिथल्या बाबूनं सातशे वीसचं व्हाउचर पुढे केलं, सही करा म्हणाला. रामधननं ते परत सरकवलं. करार चौदाशे चाळीसचा होता. भिंती आम्ही पुऱ्या दिल्या, अर्ध्या नाही दिल्या. द्यायचे तर पुरे द्या, नाही तर तुमचे तुम्हाला राहू द्या, असं सांगून तो उठून आला. घरी येताना वाटेत त्याला फार बरं वाटलं होतं, तेही त्यानं कबूल केलं.

"चौसष्ट साली तर थे पुरे देऊन राह्यले होते," सुखीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. "ओवरसियर घरी आलता. पत्र्याचे पैसे आधी घ्या म्हने. तुमी नाई म्हटलं."

"मी नाई म्हटलं, काहून की..." रामधन म्हणाला आणि थांबला.

त्यानं आईकडे पाहिलं नाही. पण सगळ्यांनी पाहिलं.

हंसाबाईचा तेलाचा हात नातवाच्या पायावर थांबला. तिला सगळं आठवलं. ओवरसियर ओट्यावर याच जागी बसला होता. रामधन आत येऊन तिला विचारून गेला होता, आणि तिनंच सांगितलं होतं. माल उतरवल्याशिवाय दाम घ्यायचा नाही, हा लदेणीचा कायदा. सात पिढ्या बैल हाकले, कोणा शेठची एक कवडी आगाऊ घेतली नाही, म्हणून तर मीठ असो की धान्य, लोक डोळे मिटून आपल्या हवाली करत. आधी भिंती उभ्या करा, मग ताठ मानेनं छप्पर मागा. रामधननं ओवरसियरला तसंच सांगितलं, आणि तो बिचारा तोंडात बोट घालून गेला. साऱ्या तांड्याला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

"तवा एक टिन कितीले होतं?" तिनं विचारलं.

अठरा रुपयांना, देवसिंगनं सांगितलं. दोन्ही खोल्यांना शहात्तर पत्रे लागतात, वर खिळे-बोल्ट, त्यावरूनच चौदाशे चाळीसचा अंदाज काढला होता. आता पत्रा सत्तावीसला झाला. परमिटचा सरकारी दर असूनसुद्धा. पुरे पैसे आले असते तरी पन्नास पत्र्यांच्या वर मिळाले नसते. आणि आलेल्या अर्ध्यात सव्वीस.

हंसाबाई बोटांवर मोजत बसली. एका खोलीला किती लागतात हे तिनं दोनदा विचारलं. अडतीस. बापाच्या काळी मीठ इथे महाग तर तिथे स्वस्त असायचं, म्हणून चालत राहावं लागे. पण एकाच जागी ठेवलेला रुपया आपोआप लहान होतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बापालाही ठाऊक नसावं. तिला आधी नवल वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

"पोरा," ती रामधनला म्हणाली, "चूक माही होती. तुही नाई."

रामधन उठून आईच्या जवळ जाऊन बसला, आणि त्याला काही सुचेना तेव्हा त्यानं पोराचा दुसरा पाय चोळायला घेतला.

दुपारी धुंड झाली. पोराला मांडीवर घेऊन हंसाबाई बसली, वर चादर धरली, आणि गेरियांनी, होळी खेळणाऱ्या पुरुषांनी, काठ्या वाजवत गाणी म्हटली. पोरगं आधी रडलं आणि मग काठ्यांकडे टक लावून बघत राहिलं. सगळं झाल्यावर गेरणी बाया, रंगानं माखलेल्या, देवसिंगभोवती कडं करून उभ्या राहिल्या. आता फगवा, होळीचं बक्षीस. नोकरीवाल्याकडून फगवा घेतल्याशिवाय कडं सुटत नाही, आणि मागितलेल्या फगव्याला नाही म्हणता येत नाही. देवसिंगनं हसत खिशातून पाचाची नोट काढली.

हंसाबाई नातवाला घेऊन कड्यात शिरली. फगवा मागायचा पहिला मान घरातल्या थोर बाईचा.

"रुपये नोको," ती म्हणाली. "रुपये आंबून राह्यले. मले टिनं पायजे. सात."

बायांचं गाणं थांबलं. देवसिंगनं मनात सात सत्तावीस केले. एकशे एकोणनव्वद. त्यानं लालीबाईकडे पाहिलं. त्याला आईला नाही म्हणता येत नव्हतं, पण बायकोला हो म्हणून ठेवलं होतं.

लालीबाईला संताप आला होता, आणि तिनं तो लपवला नाही. यंत्राचा रंगसुद्धा तिनं ठरवून ठेवला होता. सासूबाईंना सगळं कळतं, मग हे नाही कळत की आमचंही भाड्याचं घर आहे, असं ती जाऊबाईच्या कानात म्हणाली. सुखीबाई दे म्हणाली नाही, देऊ नको म्हणाली नाही. तिच्या पाठीमागे मानी उभी होती, आणि तिला आज कोणाचंही काही कळत नव्हतं, ती आपल्या हातावरचा रंग नखानं खरवडत होती. लालीबाईनं तिच्याकडे पाहिलं. ती स्वतः तिसरीतून उठवली गेली होती, पारध्याच्या तळ्याजवळच्या तांड्यात, लग्नासाठी. तिनं कमरेची पिशवी सोडली.

"मशीन पुढच्या साली आनखी महाग होईन," ती सासूला म्हणाली. "ध्यानात ठेवजा, याडी." याडी म्हणजे गोरबोलीत आई.

"ठेवीन," हंसाबाई म्हणाली.

गुरुजी पुढे येऊन आपलंही पाकीट काढू लागले, तर म्हातारीनं त्यांचा हात धरून खाली केला. तुमचे तुमच्या घरी लागू द्या, तिनं सांगितलं. तुम्ही उपाशी राहून दुसऱ्या गावी बदली मागितली तर छपराखाली कोणाला बसवू? गुरुजी डोळे पुसायला लिंबाकडे गेले.

सव्वीस आणि सात तेहतीस. एका खोलीला पाच पत्रे कमी पडत होते. तेवढ्या जागेवर पळसाचा पाला घालू, रामधन म्हणाला. दुसरी खोली आता राहूच द्यायची. तिच्या भिंतींवर तुराट्यांचं झाकण घालून ती पावसाळा काढते का ते बघायचं. अर्ध्या पैशाचं व्हाउचर उद्या कचेरी उघडली की सही करतो, असं तो म्हणाला. हे म्हणताना त्याला जड गेलं, आणि ते सगळ्यांना दिसलं.

"उद्या कायले?" हंसाबाई म्हणाली. "आज गाडी जुप."

आज धुळवड, कचेरी बंद, दुकान बंद, रामधन म्हणाला. बाजारात काळं कुत्रं नसेल.

"मंग दारात बसून राय. उद्या उघडलं की पह्यला तूच." तिनं नोटा त्याच्या धोतराच्या सोग्यात स्वतः बांधल्या, वर उरलेला एक रुपया मात्र पोराच्या मुठीत दिला. "अन् आयक. शेठ म्हनन माल आठ दिवसानं येते. येऊ दे. पैसे तू उद्याच देऊन टाकजो, पुरे. उद्याचा भाव कागदावर लिहून घेजो."

रामधन आईकडे बघत राहिला. सात पिढ्यांचा कायदा तिनं उभ्या उभ्या उलटा केला होता.

"माल हातात नसताना दाम देऊ?"

"दे," ती म्हणाली. "बाले मी वर गेल्यावर सांगीन."

रामधननं बैल सोडले आणि गाडी जुपली. गाडी उगवतीच्या दोन खोल्यांवरून जाताना मानी मागून पळत आली आणि चढून बसली. देवसिंगही चढला; लालीबाई आणि पोर चार दिवस मागे राहणार होती. परत जायचंच आहे तर फाट्यापर्यंत येतो, तो म्हणाला, आणि फाटा आला तेव्हा उतरला नाही. बाबूजवळ सही कुठे करायची ते मी दाखवतो, असं म्हणाला. सही कुठे करायची ते रामधनला चांगलं ठाऊक होतं. त्यानं कासरा भावाच्या हातात दिला.